धैर्यवानांची बॅटरी

अवनीच्या बोटीची बॅटरी नेमकी त्या बुधवारी संपली. येत्या रविवारी तिच्या सासूबाई, सरोजिनीबाई, पहिल्यांदाच त्या बोटीत बसायच्या होत्या, आणि त्यांची अट आधीच जाहीर झाली होती. "एकदा बसून बघते. काही फजिती झाली, तर ती होडी विकून टाकायची. संसारी माणसांचे धंदे नव्हेत हे."

होडी म्हणजे अवनी आणि तिचा नवरा सिद्धार्थ यांनी जुनी घेऊन दोन वर्षं घासूनपुसून उभी केलेली छोटी शिडाची बोट. बंदरातल्या गर्दीतून बाहेर पडायला तिला एक लहानसं डिझेल इंजिन होतं. अवनीचा सगळा जीव त्या बोटीत. ठाकूरद्वारला तिच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णा धैर्यवानांच्या, कानावर बातमी गेली तसे ते आरामखुर्चीतून उठलेच. "बॅटरी मी आणतो," ते म्हणाले.

धैर्यवानांच्या तीन पिढ्यांनी गोदीच्या कचेरीत जहाजांच्या नोंदी ठेवल्या होत्या. कोणतं जहाज कधी आलं आणि कधी गेलं, सगळं तोंडपाठ. पण समुद्रात कधी कोणी पाय बुडवला नव्हता. अवनी पहिलीच. लेक बोट हाकते ही गोष्ट अण्णांनी वाण्याला सांगितली होती, पोस्टमनला सांगितली होती, आणि तोंडात कापूस असतानाही दातांच्या डॉक्टरांना सांगितली होती.

दोन दिवस बसून अण्णांनी बॅटऱ्यांचा आठ रकान्यांचा तक्ता केला आणि तो घेऊन चिंचपोकळीला कुशाबाच्या दुकानात गेले.

"कुशाबा, उणे अठरा अंशांत ही किती ताकद देते?"

कुशाबाने हात पुसले. "अण्णा, चिंचपोकळीत उणे अठरा?"

"मोजतात त्या थंडीत. आमच्या इंजिनाला साडेचारशे अँपियर पुरे."

"मग ही घ्या, सहाशेची. सीलबंद हाय. बोट कलली तरी अ‍ॅसिड सांडणार नाय. पण अण्णा, ही स्टार्टरची बॅटरी. एकच जोराचा धक्का देणार, इंजिन चालू झालं की हिचं काम संपलं. हिच्यावर दिवेपंखे चालवू नका, मरेल."

"मला शिकवतोस? माझा सातवा रकाना तोच आहे."

ते खोटं नव्हतं. बोटीतल्या खोक्यात बॅटरी बोटभर जागा सोडून बसेल हेसुद्धा अण्णांनी मोजून ठेवलं होतं. निवड खरोखर लाखात एक होती, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. अशी बॅटरी मुकाट्याने कोपऱ्यात ठेवणं धैर्यवानांच्या रक्तात नव्हतं. ती गॅलरीत स्टुलावर विराजमान झाली, तिला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. अख्खी वाडी बघून गेली, आणि येईल त्याला अण्णांनी उणे अठरा अंश समजावून सांगितले.

शनिवारी वाडीत सत्यनारायण होता. दुपारी केबलच्या दुरुस्तीसाठी वीज गेली ती गेलीच. पूजेचा माइक मुका झाला. वाडीचे सेक्रेटरी हितेंद्र वीस माणसं घेऊन गॅलरीत आले.

"अण्णा, तेवढी बॅटरी द्या ना माइकला. ताकद आहे ना तिच्यात?"

अण्णांना सातवा रकाना आठवला. पण वीस माणसांसमोर 'आहे ना' असं कोणी विचारलं, की माणसाने करायचं काय?

"आहे ना म्हणजे? बर्फातसुद्धा चालेल."

आधी माइक लागला. मग देवाच्या चौरंगाला दिव्यांची माळ. मग गुरुजींना उकडतंय म्हणून छोटा पंखा. मग बायकांचं भजन. पाच तास बॅटरीने अख्खी वाडी सांभाळली, आणि जो तो म्हणत होता, "बॅटरी आणावी तर अण्णांनी." शेवटच्या आरतीला माइकचा आवाज बसला. दमली असेल, सकाळपर्यंत विश्रांती मिळेल, अशी अण्णांनी स्वतःची समजूत घातली.

रविवारी सरोजिनीबाई लाइफ जॅकेट घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून, बोटीच्या पुढच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून बसल्या. मागे, अवनी आणि अण्णांसमोर, सिद्धार्थने बॅटरी जोडून चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"अण्णा, ही नवीनच आहे ना?" तो कुजबुजला.

खालच्या आवाजात अण्णांनी अवनीला माइक, माळ, पंखा, भजन, सगळं सांगून टाकलं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने एकदा सासूबाईंच्या पाठीकडे पाहिलं, एकदा वाऱ्याकडे.

"सिद्धार्थ, इंजिन राहू दे. शीड चढव."

"अगं, बंदरातून इंजिनाशिवाय आपण कधी..."

"चढव म्हणते ना."

शिडात वारा भरला. बोट बांधलेली असते त्या तरंगत्या बोयाची दोरी अवनीने सोडली आणि सुकाणू हातात घेतलं. नांगरलेल्या लाँचींच्या मधून बोट अशी निघाली, की अण्णांनी श्वास घ्यायचं थेट मोकळं पाणी लागल्यावरच सुरू केलं. दीड तासाने ती तशीच परतली. बोया जवळ येताच अवनीने शीड सैल सोडलं, बोटीचा वेग मरत गेला आणि ती बोयापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. अण्णांचे डोळे भरून आले. तीन पिढ्या जी गोष्ट नुसती लिहीत आल्या, ती त्यांची पोर करत होती.

सरोजिनीबाई वळल्या. "सिद्धार्थ म्हणायचा, इंजिनाचा खडखडाट असतो, धूर असतो. मला तर काहीच जाणवलं नाही. अण्णा, बॅटरी उत्तम निवडलीत हं."

विहीणबाईंच्या तोंडून असं काही ऐकायला अण्णा अवनीच्या लग्नापासून, म्हणजे आठ वर्षं, थांबले होते. त्यांनी ती स्तुती गिळून पाहिली, पण घशाखाली उतरेना.

"विहीणबाई, बॅटरी मेलेली आहे. काल पूजेच्या माइकला लावून मीच मारली. इंजिन सुरूच झालं नाही. तुम्हाला नेऊन आणलं ते अवनीने, नुसत्या वाऱ्यावर."

सरोजिनीबाईंनी शिडाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि पर्समधून फोन काढून दादरला बहिणीला लावला.

"नलू, अगं, आम्ही समुद्रात जाऊन आलो. छे, इंजिनबिंजिन काही नाही. आमची सून वाऱ्यावर नेते. विकायची कशाला? पुढच्या रविवारी तूही ये. बॅटरी? हो, आहे ना एक, व्याह्यांनी दिलेली. बोट कलू नये म्हणून वजनाला ठेवतात ती."

अण्णांनी तोंड उघडलं. समोर अवनी दोरी गुंडाळताना हसू दाबत होती. बोट वाचली होती.

"वीस किलो आहे म्हणावं," अण्णा विहीणबाईंना हळूच म्हणाले.