माझ्यामागे या

आमच्या विमानतळाची तपासणी पार पाडायला एकटा नागोराव पुरेसा आहे, असं मी त्या दिवशी सकाळी आरशात बघून तीनदा म्हणालो होतो!

विमानतळ म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतंय तसलं काही नाही हो. माकुणसार गावाच्या अलीकडे महायुद्धात गोऱ्या लष्करानं ओतलेली काँक्रीटची धावपट्टी आहे. तिच्या निम्म्या भागाला सरकारनं कुंपण घातलं आणि तो झाला सार्वजनिक विमानतळ. उरलेल्या निम्म्यावर गाव भात वाळवतं, क्रिकेट खेळतं, लग्नं लावतं. मी इथला कंत्राटी व्यवस्थापक. तपासणी पार पडली की कायम होणार. नाही पडली तर गाशा गुंडाळून परत नांदेड!

तपासणी अधिकारी स्वतः छोट्या विमानानं येणार होते. विमान उतरलं की त्याच्यापुढे आमची जीप जाते. तिच्यावर पिवळी पाटी असते, 'माझ्यामागे या'. वैमानिक निमूटपणे मागे येतो, जीप वळली की वळतो, थांबली की थांबतो. नियमच आहे तसा.

नऊ वाजता जीप मेली! वायरलेस तिच्याच बॅटरीवर, तोही मुका. जीप चालवणारा विपुल रजेवर, कारण बहिणीचं, दीपिकाचं लग्न. मांडव कुठं? कुंपणापलीकडच्या धावपट्टीवर! मांडवाचा टेम्पो जावा म्हणून कुंपणाच्या तारा कालच मी सोडून दिल्या होत्या. दिलदारपणा नडतो तो असा.

पण मी डगमगलो नाही. पाटी काढून आमच्या स्वतःच्या गाडीच्या टपावर बांधली.

"इंदू, बस गाडीत!"

"मी?" बायको किंचाळली.

"तीन महिने याच धावपट्टीवर शिकतेयस ना? मला झेंडा घेऊन साहेबांच्या स्वागताला उभं राहायचंय."

"अवो, पण मला अजून..."

"पण-बिण काही नाही!"

हे 'पण' ऐकून घेतलं असतं तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

विमान झकास उतरलं. इंदू झकास त्याच्यापुढे निघाली. वळण आलं. इंदू सरळ! मी फोन लावला.

"अगं, डावीकडे!"

"वळवायला कुठं शिकिवलंत मला? टोकाला गेलं की तुम्हीच येऊन गाडी वळवून देताव!"

खरं होतं. वळणं आम्ही पुढच्या महिन्यात घेणार होतो.

"मग थांब तरी!"

"कशी थांबू? मागं हा एवढा पंखा फिरायलाय! गाडीची कोशिंबीर होईल की!"

इंदू सरळ, इंदूच्या मागे विमान, आणि विमानाच्या मागे झेंडा घेऊन मी! जिवाच्या आकांतानं झेंडा हलवतोय, पण विमानाला मागे बघायचा आरसा नसतो, हे मला तेव्हा कळलं. बघता बघता वरात कुंपण ओलांडून गेली.

मांडवात बेंजो थांबला. विमान बघून पुन्हा दुप्पट जोरात सुरू झाला.

"आयला! इमान आलं!"

नवऱ्याचा मामा भांबावून उठला. "व्याही, येवढा खरच कशाला केला? आमी आपले टेम्पोतनं आलो!"

मांडव दिसताच वैमानिकानं पंखा बंद केला. मग कुठं इंदूनं ब्रेक दाबला. गाडी आणि मांडवाचा बांबू यांच्यात हातभर अंतर उरलं. साहेब फाइल घेऊन उतरले, तर विपुलच्या बापानं, सुकानं, त्यांच्या गळ्यात हारच घातला.

"आमचे पोरीचे लग्नाला तुमी इमानातनं आले! जेवल्याबिगर जायचा नाय!"

मी पोचलो तेव्हा साहेब दुसऱ्यांदा भात घेत होते. मला धाप लागल्यामुळे नाव सांगता आलं नाही. नांदेडची गाडी किती वाजता असते, एवढंच डोक्यात होतं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. उभ्याउभ्याच उघडला.

'धावपट्टी नोंदीपेक्षा दुप्पट लांब आढळली. विमानतळ चालू ठेवावा. मार्गदर्शक वाहनाच्या महिला चालकाने मधली रेघ इंचभरही सोडली नाही. अशी शिस्त दुर्मीळ. पक्का परवाना मिळताच त्यांना कायम करावे. मात्र चालत्या विमानामागे झेंडा घेऊन धावणारा इसम कोण, याची चौकशी व्हावी.'

विपुलचीही आडकाठी नव्हती. दीपिकाच्या नवऱ्याच्या मामानं विमानावर खूश होऊन त्याला बोईसरच्या कारखान्यात चिकटवलं होतं!

तर इंदू आता कायम आहे. आठचा आकडा काढून परवाना कसा मिळवला, ते ती मलाही सांगत नाही. माझी चौकशी चालू आहे. आणि विमान यायचं असलं की मी डाव्या वळणावर जाऊन उभा राहतो. इंदू गाडी थांबवते, सरकून बसते, मी गाडी वळवून देतो आणि उतरतो. ती म्हणते, पंखा मागे असला की तिला अजून वळवता येत नाही.