डोलिना सिनेमाला निघाली

"शुक्रवारच्या बोटीने सिनेमाची गाडी येतेय, आतच पडदा नि खुर्च्या असलेली. आणि सिनेमा कुठला, तर तुझ्या कादंबरीवरचा!" डोलिनाने सूपचा वाडगा पुढ्यात आदळत जाहीर केलं. फार्करला जोराचा ठसका लागला.

फार्कर मॅकास्किल हा त्या बेटावरचा एकुलता एक कादंबरीकार. लग्नाच्या भानगडीत न पडता तो थोरल्या बहिणीकडे राहत होता. घर तिचं, चूल तिची, समुद्राकडे खिडकी असलेली लिहायची खोलीही तिचीच. आणि या उपकारांची फेड गड्याने कशी केली, तर कादंबरीत एक कजाग, चिकट, बटाटे मोजून उकडणारी थोरली बहीण रंगवून! डोलिनाचा चष्मा, तिची चाल, तिचं नाक मुरडणं, सगळं जसंच्या तसं. बाई पुस्तकांच्या वाटेला जात नसे, म्हणून आजवर निभावलं होतं. एडिंबराच्या पहिल्या खेळालाही तो गेला नव्हता, कारण ती बरोबर आली असती. आता सिनेमाच दारात येऊन ठेपला होता. तिला कळलं, तर या वयात बोचकं उचलून जायचं कुठे?

"तुला नाही आवडायचा तो," फार्कर चाचरत म्हणाला. "नुसती रडारड आहे."

"मला आवडतं रडायला. गप जेव."

मग त्याने थेट पाद्रीबाबा गिलीज यांचं दार ठोठावलं. "बाबा, सांगायला लाज वाटते, पण सिनेमावाल्यांनी त्यात नको नको ते घुसडलंय."

"नको नको ते म्हणजे?"

"तसलंच हो!"

पाद्रीबाबांचे कान लाल झाले. रविवारी चर्चमध्ये ते असे कडाडले, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याही खडबडून जाग्या झाल्या. "त्या गाडीची पायरी जो चढेल, तो नरकात जाईल!"

फार्कर निर्धास्त झाला. येडाच म्हणायचा! उभा जन्म बेटावर काढून याला माणसं कळली नव्हती. रविवारी तिथे कुणी कामाला हात लावत नाही, म्हणून तिकिटं संपायला सोमवारची सकाळ उजाडली, एवढंच. जन्मात सिनेमा न पाहिलेले म्हातारे काठ्या टेकत आले. खुद्द पाद्रीबाबाही नाकापर्यंत मफलर ओढून मागच्या रांगेत येऊन बसले, म्हणे तपासायला.

"मला ताप आहे गं," खेळाला निघायच्या वेळी फार्करने घरात शेवटचा प्रयत्न केला होता. "तू आज माझ्याजवळ थांब."

डोलिनाने त्याच्या कपाळाला हात लावला. "मेलेल्या माशासारखा गार आहेस. कोट घाल!"

केस सेट करून, आईचा ब्रोच लावून डोलिना पहिल्या रांगेत बसली. मागचे लोक एकमेकांना कोपराने ढोसत तिच्याकडे बघत होते. दिवे मालवताच फार्करने डोळे मिटले, ते सिनेमा संपेपर्यंत उघडलेच नाहीत. लोक हसले, की तो खुर्चीत आणखी खाली घसरायचा.

दिवे लागले, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. तो धावत बाहेर आला. डोलिना धक्क्यावर पाठमोरी उभी होती.

"सगळ्या बेटासमोर शोभा केलीस माझी!"

"चुकलं माझं, डोलिना. पण ती बाई म्हणजे तू नव्हेस गं, ती आपली कल्पनेतली..."

"कुठली बाई?" ती गर्रकन वळली. तिचे डोळे भरले होते. "होती कुठे बाई? गाळून टाकलंय मला! आपला कुत्रा आहे, शेजारची गाय आहे, मी कुठेय?"

फार्करने आ वासला. "म्हणजे... तू पुस्तक वाचलंयस?"

"पाठ आहे मला! ती बहीण म्हणजे मीच, असं सगळ्यांना सांगत फिरले. लोक आले तसलं काही बघायला. मी मला बघायला आले होते रे."

"आणि राग नाही आला?"

"आला तर! आठवडाभर तुझं सूप खारट केलं होतं. मग वाटलं, कुणीतरी माझ्याकडे इतकं निरखून बघतंय तरी." तिने नाक पुसलं. "ते काही नाही. आता नवी कादंबरी लिही. आणि या खेपेला मला अशी कजाग कर, की गाळायची कुणाची छाती होता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी फार्कर लिहायला बसतो न बसतो, तोच खोलीचं दार धाडकन उघडलं. पायातले बूट खोलीत कशाला आणलेस, म्हणून डोलिनाने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग दम खात तिने हळूच विचारलं, "एवढं पुरे का रे, की आणखी ओरडू?"