मी मुलाचा तुरा उतरवला

माझ्या हाताखालून गेलेला माणूस सुधारला नाही, असं आजवर झालेलं नाही. माझी शाळा तिसरीपर्यंतच, पण चार मुलं वळणावर आणली. नवरासुद्धा!

म्हणून धाकट्यानं कागद दाखवला तेव्हा मी डगमगले नाही. तो लिफ्टचा मेकॅनिक. सहा महिन्यांची कच्ची नोकरी पक्की करायची की नाही, ते साहेब ठरवणार. आणि शेऱ्यात एकच इंग्रजी शब्द : ‘कॉकी’.

“म्हणजे काय रे?”

“फाजील आत्मविश्वास, आई. कोंबड्यावरून आलाय शब्द. छाती काढून ऐटीत फिरतो ना, तसा.”

“माझा मुलगा कोंबडा? दोन दिवसांत उतरवते तुझा तुरा!”

दोन दिवस घोकून घेतलं. मान खाली, आवाज त्याहून खाली. काही विचारलं की म्हणायचं, “मी काय सांगणार, साहेब!”

शेवटची परीक्षा नेमकी आमच्याच इमारतीत. त्यानंच दुरुस्त केलेली लिफ्ट. तळमजल्यावर मी आधीच हजर!

“दोर नीट बसलाय?” साहेबांनी विचारलं.

“मी काय सांगणार, साहेब!”

“ब्रेक तपासलास?”

“मला पामराला काय कळतंय!”

साहेबांनी लिफ्टमध्ये टाकलेला पाय बाहेर घेतला. “आणि याच्या भरवशावर लोकांनी बसायचं?”

गेली नोकरी, आणि घालवली कुणी? मी! साहेबांना बाजूला सारून आत शिरले. “बघा, मी जाते वर! माझ्या मुलाचं काम आहे!”

सहाचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली, पण चाल अशी की गोगलगाय बरी! खाली साहेब ताटकळलेले. वेग वाढावा म्हणून सगळ्यात मोठं लाल बटण ठासून दाबलं. गचकन थांबली! ना तळमजला, ना पहिला.

खालून हाक आली, “आई, काही दाबलंस?”

“मी? मी कशाला हात लावू!”

“मग तुझं कामच कच्चं,” साहेब त्याला म्हणाले.

“नाही साहेब.” धाकट्याची मान वर गेली, हे मला आवाजावरूनच कळलं. “काम पक्कं आहे. आईनं लाल बटण दाबलंय. शंभर टक्के!”

“त्या तर नाही म्हणतायत. मग मी नापास लिहितो.”

चूक कबूल करायची जिभेला सवयच नाही, ती वळेचना!

“दाबलं!” मी ओरडले. “मीच दाबलं! चुकलं माझं!”

नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली. मला बाहेर काढल्यावर साहेब अदबीनं म्हणाले, “चला, लिफ्टनं घरी सोडतो.”

मी सहा मजले जिन्यानं चढले. शेजारणीला सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.