हाक मारली की थांबायचं

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कागदावर सही करणारा मी पहिलाच, माझ्याआधी सगळे अंगठे. सहीच्या पुढं जाऊन एखाद्या माणसाबद्दल दोन-चार पानं लिहावीत, तीही त्याला न विचारता, हा आगाऊपणाच आहे. पण मी लिहायला बसलो तेव्हा त्यांना काही विचारावं अशा अवस्थेत ते नव्हते, आणि मला गप्प बसवत नव्हतं. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्यावं.

बीडमध्ये मी राहतो त्या खोलीची एक भिंत वाजते. आमच्या चार खोल्या एका ओळीत, पिठाच्या गिरणीच्या मागं आहेत. सकाळी गिरणी सुरू झाली की पलीकडून, मन्मथअप्पांच्या खोलीतून, किणकिण ऐकू येते. एका घुंगराची नाही, पुष्कळांची, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. राहायला आलो त्या पहिल्या सकाळी मी घाबरून त्यांचं दार वाजवलं. अप्पा दाढी करत होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक खिळ्याला एक चावी, आणि गिरणीच्या हादऱ्यानं सगळ्या चाव्या एकदम थरथरत होत्या.

"काय न्हाई पोरा," अप्पा गालावरचा फेस पुसत म्हणाले, "गाव उठलंय."

गाव म्हणजे आमचंच. शिरूर कासारच्या पुढं, डांबरी रस्ता संपतो तिथं. दिवाळी झाली की गावातली बहुतेक घरं ऊसतोडीला जातात. बैलंसुद्धा गाड्यांबरोबर फडावर जातात. मागं राहतात काही म्हातारी माणसं, थोड्या शेळ्या, कुत्री आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मन्मथअप्पा. ते गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहेत. साहेब आले तर जनावर धरायचं, नाही आले तर दवाखाना झाडायचा, हे त्यांचं काम. साहेबांकडं तीन गावं आहेत, त्यामुळं अप्पा बहुतेक झाडतातच. जनावर बांधायच्या खोड्यात चार-पाच महिने एक बैल उभा राहत नाही, तरी ते दर सोमवारी त्याला तेल देतात.

आणि गाव फडावर निघताना घराच्या चाव्या अप्पांकडं देतं. भावकीत कुणी देत नाही. आमच्या वडिलांनी चावी दिली तेव्हा मी समोर होतो.

"अप्पा, तुमचा बांध आमच्या बांधाला लागत न्हाई," वडील म्हणाले. "म्हणून तुमच्याकडं."

माझा बीडच्या कॉलेजातला प्रवेश त्याच वर्षीचा. वडिलांनी चावी आणि मी, दोन्ही एकदमच अप्पांच्या हवाली केलं.

अप्पांना अनेकांनी विचारलंय की गावात इतकी घरं रिकामी असताना तुम्ही बीडला राहून रोज दीड-दीड तास यष्टीत का हाडं खिळखिळी करून घेता. मीही विचारलं.

"गावात राहिलो तर कुणाच्या तरी शेजारी राहावं लागंल का न्हाई?" अप्पा म्हणाले. "शेजारी झालो की मी त्याचा झालो. मग दुसरा चावी कावून दील?"

हेच त्यांनी तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण साहेबांनी विचारलं, "तुम्ही मुख्यालयी का राहत नाही?" आणि अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले, "राहतो की साहेब. सदतीस घरांत राहतो. कोणतं लिहू?" साहेबांना ती थट्टा वाटली. नोटीस आली. अप्पांच्या खोलीची खिडकी वाऱ्यानं आपटते, तिच्या फटीत ती नोटीस घडी करून बसवलेली आहे. अप्पा म्हणतात, सरकारी कागद जाड असतो.

रोज सकाळी चाव्या खिळ्यांवरून निघून कापडी पिशवीत जायच्या आणि अप्पांच्या मांडीवर बसून गावाला यायच्या. संध्याकाळी परत. दवाखान्यात ठेवायच्या नाहीत, कारण तिथली कडी लहान पोरसुद्धा काढेल. पिशवी खड्ड्याखड्ड्यावर वाजायची. कंडक्टर रोज तेच विचारायचा, "अप्पा, गावाचं हाफ तिकीट फाडू का?" आणि अप्पा रोज तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "मांडीवरच्याला तिकीट लागत न्हाई."

चाव्यांना नावं नाहीत. नाव लिहिलं तर चोराला पत्ता मिळतो, असं अप्पांचं म्हणणं. प्रत्येक चावीला त्या घरातल्या कापडाची चिंधी बांधलेली आहे. कुठं लुगड्याचा काठ, कुठं धोतर, कुठं शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. आमच्या चावीला आईच्या हिरव्या साडीची चिंधी आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, चाव्या सांभाळणारा एक भला माणूस. मलाही तसंच वाटत होतं. मग जानेवारीत मला स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी रेशनकार्ड लागलं. ते गावी पत्र्याच्या पेटीत होतं. मी अप्पांबरोबर गेलो.

माणसं नसलेल्या आपल्याच गावात उतरणं फार विचित्र असतं. गल्लीत माझ्या चपलांचा आवाज पुढं जाऊन परत येत होता. ओळीनं कुलपं. एका दाराबाहेर बाज उभी करून ठेवलेली, तिच्या सुतळीवर कोळ्यानं जाळं विणलेलं. कुत्री भुंकली नाहीत, नुसती उठून बसली.

अप्पांनी दवाखाना झाडला, रजिस्टरवर सही केली आणि पिशवी घेऊन निघाले. पहिल्या घराचं कुलूप काढलं, दार आत ढकललं. आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी हाक मारली, "भीमाबाई!"

भीमाबाई चारशे किलोमीटरवर ऊस तोडत होत्या.

अप्पा मान तिरकी करून उभे होते. बराच वेळ गेला. मग ते "बरं" म्हणाले, दार ओढलं, कुलूप लावलं.

"अप्पा, थांबलात कशाला?"

"हाक मारली की थांबायचं. माणूस चुलीपाशी असंल, हात पिठाचे असतील. उठून यायला येळ लागतो."

दुसरं घर, तिसरं घर, तेच. मी न राहवून विचारलं की हे कशासाठी.

"आधी नुसत्याच चाव्या सांभाळायचो," अप्पा म्हणाले. "एका सालात भीमाबाई फडावरून आली अन् तिचं ल्हान पोरगं घरात जाईचना. उंबऱ्यातच रडायलं. मी आत जाऊन बघितलं तर घर घुमायलंय. आपलाच शब्द आपल्या अंगावर येतो. रिकामं घर घुमतं, पोरा. त्याला हाकंची सवय ठेवावी लागती, न्हाईतर ते माणसाला वळखत न्हाई."

"पण कुणाची ओ येते का?"

"ओ आली न्हाई म्हणून हाक मारायची सोडावी का बे?"

सोपानतात्यांच्या दारात ते सगळ्यात जास्त थांबले. ऊन माझ्या पायावरून सरकून भिंतीवर गेलं. मी हळूच म्हणालो, "अप्पा, तात्या तर मागच्या साली वारले ना?"

"म्हणून तर," अप्पा म्हणाले. "लांबून यायचंय त्याला."

मग आमचं घर आलं. मला वाटलं होतं, मी बरोबर आहे तर आज आमच्या घरी हाक मारणार नाहीत. पण त्यांनी दार ढकललं आणि मारली, "गयाबाई!" माझी आई. मला हसू यायला हवं होतं. मी अप्पांच्या पाठीमागं उभा होतो आणि खरं सांगतो, मीही श्वास धरून वाट बघत होतो. आतून थंड हवा आली, चुलीच्या जुन्या राखेचा वास आला, आणि आई भाकरीचा हात धुऊन आत्ता येईल असं वाटलं.

"खोकायली तुझी आई," अप्पा म्हणाले. "फोन कर तिला."

मी तिथूनच फोन केला. वडिलांनी आईला दिला. ती आधी खोकली, मग बोलली.

जानेवारीत पहाटेच्या थंडीत ऊस तोडणारी सगळीच माणसं खोकतात, हे मला कळतं. मी कॉलेजात शिकतो. पण रेशनकार्ड घेऊन परत येताना यष्टीत मी अप्पांच्या शेजारी बसलो नाही, दोन सीट मागं बसलो. पिशवी वाजत होती आणि मला तिच्यात आमची चावी कुठली वाजतेय ते ओळखू येत होतं.

मार्च सरत आला. कारखान्याचा पट्टा अजून पडला नव्हता, म्हणजे गाळप चालू होतं आणि गाव परतायला अवकाश होता. एका सकाळी गिरणी सुरू झाली, भिंत किणकिणली, पण साडेसात वाजून गेले तरी थांबेना. एरवी तोवर चाव्या पिशवीत गेलेल्या असतात. मी दार ढकललं. अप्पा बाजेवर बसून होते, छाती धरलेली, कपाळावर घाम.

"यष्टी गेली का रे?" एवढंच म्हणाले.

मी आणि गिरणीवाल्या काकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. दुपारी अंबाजोगाईहून त्यांचा भाचा आला. अप्पांना बायको-लेकरं नाहीत, हा भाचाच काय तो. डॉक्टरांनी ऑपरेशनला संभाजीनगरला न्यायला सांगितलं. अप्पांनी मला खोलीवर पाठवून पिशवी मागवली आणि छातीवर ठेवली. नर्सबाईंनी काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी म्हणालो, "अप्पा, चाव्या माझ्याकडं द्या. मी जातो रोज गावाला."

"तुझा बांध चौघांच्या बांधाला लागतो," अप्पा धापा टाकत म्हणाले. "न्हाई जमत."

मग त्यांनी खिशातून एक चावी काढली. तिला चिंधी नव्हती, नुसता दोरा. त्यांच्या खोलीची.

"ही घे. रोज उघड. हाक मार."

"बरं."

"मारली की थांब."

"थांबतो. अप्पा म्हणूनच हाक मारू ना?"

त्यांनी जरा विचार केला. सगळ्यांचे ते अप्पाच. गावाचे अप्पा, कंडक्टरचे अप्पा, भाच्याचे मामा.

"मन्मथा म्हण," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले. "आई म्हणायची. तिच्यामागं कुणी म्हणलंच न्हाई."

गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची खोली उघडली. भिंतीवर सदतीस खिळे मोकळे. शेजारी गिरणी सुरू होती, भिंत हादरत होती, आणि कसलाच आवाज नव्हता. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून हळूच म्हणालो, "अप्पा." साठीच्या माणसाला मी नावानं कशी हाक मारणार? आमच्याकडं मोठ्यांचं नाव घेतलं की थोबाडीत बसते. शब्द खोलीत फिरला आणि माझ्याच अंगावर आला. खोली घुमत होती. मी थांबलोही नाही, दार ओढून घेतलं. पीठ झाडत असलेले काका म्हणाले, "कुणाला हाका मारायलास बे?" मी म्हणालो, "कुणाला न्हाई."

असे पाच दिवस गेले. रोज "अप्पा", रोज घुमणारी खोली, रोज मी पळ काढलेला. भाच्याचा फोन यायचा. ऑपरेशन झालं, पण मामा शुद्धीवर येत नव्हते. "डॉक्टर म्हणले, हाका मारीत राहा. आमी समदे मामा, मामा करतो. पापणीबी हालत न्हाई."

मला सांगितलेलं एवढंसं काम, ते मी लाजेपायी केलं नव्हतं.

आज सहाव्या सकाळी मी दार उघडलं. आजूबाजूला कोण आहे ते बघितलं नाही. "मन्मथा!" म्हणून हाक मारली. आवाज फाटला. पुन्हा मारली. आणि थांबलो. बाजेवरून उठायला किती वेळ लागेल, ते हिशेबात धरलं. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, ते धरलं. चपला सापडायला हव्यात. संभाजीनगर लांब आहे. गिरणीतलं एक दळण संपून दुसरं सुरू झालं, तरी मी उभा होतो. ओ आली नाही. पण एक गोष्ट झाली, ती मला नीट सांगता येत नाही. खोली घुमली नाही. हाक आत गेली आणि परत आली नाही.

"बरं," मी म्हणालो आणि कुलूप लावलं. कॉलेजला न जाता खोलीत बसून हे लिहायला घेतलं.

इथवर लिहून झालं आणि भाच्याचा फोन आला. मामा शुद्धीवर आलेत. सकाळी कुणीच जवळ नव्हतं, तो चहाला खाली गेलता. नर्सबाई सलाईन बदलत होत्या, तेवढ्यात मामा मोठ्यानं "ओ" म्हणाले. नर्सबाईंनी विचारलं, "आजोबा, कुणाला ओ देताय? इथं कुणी हाक मारली?"

तर मामा पिशवी चाचपत म्हणाले, "पोरानं. लई उशीर केला."