ताईंचा आवाज फाटतोय

“नमस्कार मंडळी!” ताई म्हणाल्या, आणि लॅपटॉपवरची आवाज मोजणारी हिरवी पट्टी पिवळ्याला न थांबता थेट लाल झाली. चष्मेवाल्याने कानावरचे हेडफोन असे उपटले, जणू आत गांधीलमाशी शिरली होती.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

“आवाज फाटला, ताई.”

“माझा?” ताईंनी घशाला हात लावून पाहिला. “सकाळपासून तर ठणठणीत आहे.”

“घसा नाही हो, रेकॉर्डिंगमध्ये फाटला. जरा हळू बोला.”

समोर बसलेल्या त्याच्या बायकोने, म्हणजे ताईंच्या धाकट्या बहिणीने, ओठ हलवले. पट्टी हिरवीसुद्धा झाली नाही. ती नुसती झोपून राहिली.

“आणि तू जरा मोठ्याने.”

“मोठ्यानेच बोलले,” बायको म्हणाली. म्हणजे तसं म्हणाली असावी.

चष्म्याचं दुकान असल्यामुळे त्याला सासरची सगळी मंडळी चष्मेवाले म्हणत. माणूस मुळातच अस्वस्थ. गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू किंचित ढिला राहिला असं नुसतं वाटलं, तरी जेवताना त्याचा घास हातात थांबे. दोघी बहिणींनी पॉडकास्ट करायचं ठरवलं, तेव्हा “आवाजाचं माझ्यावर सोपवा” असं तो कुठल्या जोरावर म्हणाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आवाजाच्या बाबतीत त्याचा आजवरचा पराक्रम म्हणजे दारावरची घंटा दुरुस्त करणं, आणि ती घंटाही त्यानंतर अधूनमधून आपली आपणच वाजत असे.

ताईंनी हयातभर शाळेत पीटी शिकवली होती. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला भिंतीवर चढणारं पोर त्यांच्या नुसत्या “ए!”ने खाली उतरायचं. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, आवाज झाला नाही. त्याची बायको ग्रंथपाल. ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून तिचं करिअर गेलं होतं, आणि ती पाटी सगळ्यात मनावर घेतली ती तिनेच. तिचं बोलणं तिच्या गळ्यातल्या साखळीच्या पुढे फारसं जात नसे.

पॉडकास्टचं नाव होतं ‘ठेवू की टाकू’. घरातल्या जुन्या वस्तूंचं करायचं काय, यावर दोघी बहिणींच्या गप्पा. ताई हाताला लागेल ते टाकणाऱ्या. बायको पार्सलची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारी. कल्पना झकास होती. ताईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं चॅनेल होतं. तिने दोन माईक, त्यांना जोडायचा एक डबा आणि हेडफोन उसने दिले होते, आणि पहिला भाग आज संध्याकाळी ऐकवू असं जाहीरही करून टाकलं होतं. ताईंनी तर शाळेतल्या सगळ्या निवृत्त शिक्षकांना आधीच कळवलं होतं. आता पाय मागे घेण्याची सोय नव्हती.

डब्यावर दोन बटणं होती, एक ताईंच्या माईकचं, दुसरं बायकोच्या. त्याने ताईंचं बटण शेवटपर्यंत खाली आणलं. पट्टी तरी लाल. मग त्याने ताईंना खुर्ची मागे घ्यायला सांगितली. मग आणखी मागे. होता होता ताई बैठकीच्या खोलीतून दारात आणि दारातून पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकजवळ पोचल्या.

“जावईबापू, थोडी आणखी सरकले तर मी जिन्यात जाईन,” ताई तिथून म्हणाल्या. पट्टी लाल.

इकडे बायकोचं बटण त्याने वर वर नेलं. तिचा आवाज काही वाढेना, पण घरातले बाकीचे सगळे आवाज वाढले. फ्रिजची घरघर आली. पंख्याची टकटक आली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, ती थेट त्याच्या डोक्यातून ओढल्यासारखी वाटली. हे सगळं एवढे दिवस याच घरात वाजत होतं आणि आपण मजेत झोपत होतो, याचं त्याला नवल वाटलं.

त्याने फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. तरी आवाज घुमतोच, म्हणून कपाटातल्या रजया काढून खिडक्यांवर टांगल्या. भिंतीशी गादी उभी केली. खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं. बायको पुठ्ठ्याने वारा घेऊ लागली, तर पुठ्ठ्याचाही फडफडाट रेकॉर्ड व्हायला लागला. त्याने पुठ्ठा काढून घेतला. तिने काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं.

“काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“एवढ्या वेळात मी अख्ख्या शाळेची कवायत घेतली असती!” ताई चपलांपाशी घामाघूम होऊन ओरडल्या.

आता नवीनच भानगड निघाली. बायकोचं बटण इतकं वर गेलं होतं, की पॅसेजमधल्या ताई बायकोच्या माईकमध्येच शिरत होत्या, आणि स्वतःच्या माईकपेक्षा तिथे जास्त दणदणीत ऐकू येत होत्या. म्हणजे दोघींच्या मध्ये भिंत हवी. त्याने बायकोला माईकसकट झोपायच्या खोलीत बसवलं, वायर दाराखालून घेतली, दार लावलं. ताईंना परत बैठकीत आणलं. स्वतः लॅपटॉप मांडीवर घेऊन दाराशी फतकल मारली.

“करा सुरू.”

“ताई,” बंद दाराआडून बायकोचा बारीक आवाज आला. त्याला तो हेडफोनमध्ये चक्क स्वच्छ ऐकू आला. त्याला आनंदाने उभं राहावंसं वाटलं. “जुन्या चपलांचं काय करावं गं?”

“कपाट ना?” ताई म्हणाल्या. “सरळ विकून टाकायचं!”

“कपाट नाही. चपला.”

“तेच म्हणते मी. आत काही राहिलंय का ते बघायचं आणि चौघांकडून खाली उतरवायचं!”

दार उघडून बायको बाहेर आली. तिचे कान लाल झाले होते. “बघा. ही अशी करते. मी काय बोलते तिकडे हिचं लक्षच नसतं. आजचं नाही हे.” हे ती त्याच्याकडे बघून म्हणाली, अर्थात नेहमीच्या आवाजात.

“काय म्हणतेय ती?” ताईंनी त्याला विचारलं.

“दारामुळे नीट ऐकू आलं नसेल,” तो घाईने म्हणाला. चॅनेलवाल्या मुलीचा निरोप येऊन पडला होता, ‘कधी पाठवताय?’. मोबाइल त्याने पालथा घातला. “असं करू, जे झालंय ते ताईंना एकदा ऐकवतो. म्हणजे त्यांना कळेल कुठे काय बोलायचं.”

त्याने हेडफोन ताईंच्या डोक्यावर चढवले आणि रेकॉर्डिंग लावलं.

“लागलं का?” ताईंनी विचारलं.

“लागलंय की.”

“मला नाही काही येत. म्हणजे माझा आवाज येतोय. हिचा नाही. बिघडलंय तुमचं यंत्र.”

त्याने वायर काढून पुन्हा खुपसली. हेडफोनचा आवाज वाढवला. आणि मग त्याचं तोंड त्याच्या नकळत दुकानातलं बोलायला लागलं.

“आता बरं की आधीचं बरं?”

“आता बरं.”

“आणि हे?”

“हे त्याहून बरं. अजून वाढवा.”

“हे?”

“हं. आता बोलतेय काहीतरी. अजून.”

तो वाढवत गेला. शेवटी हेडफोनमधून बाहेर झिरपणारा बायकोचा आवाज खोलीभर ऐकू यायला लागला. जुन्या चपलांचं काय करावं गं. टेबलापलीकडे बायकोने स्वतःचाच आवाज ऐकून मान वर केली.

“हां!” ताईंचा चेहरा उजळला. “आत्ता झालं तुमचं यंत्र नीट. चपला म्हणतेय होय ती!”

त्याने हेडफोन हळूच काढून स्वतःच्या कानाला लावले आणि झटक्यात दूर केले. कानात कितीतरी वेळ शिटी वाजत राहिली. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे. दुकानात एखाद्या आजोबांना भिंतीवरचं मोठ्यातलं मोठं अक्षर दिसत नाही आणि ते तोऱ्यात म्हणतात, “तुमच्या भिंतीला उजेड कमी आहे,” तेव्हा पुढचं वाक्य कसं बोलायचं हे त्याला चांगलं माहीत होतं. इथे मात्र समोर मेहुणी होती.

“ताई,” तो म्हणाला, “कान कधी दाखवलेत का?”

ताईंनी एकदम पाठ ताठ केली. “कानाला काय झालंय माझ्या? समोर बसलेल्या माणसाचं मला अक्षर न् अक्षर कळतं.”

“समोर बसलेल्याचं. ओठ दिसतात म्हणून.”

ताईंनी बहिणीच्या ओठांकडे एकदा बघून घेतलं. मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून हेडफोन मागितले, ते डोक्यावर नीट बसवले आणि फर्मावलं, “असं करा, हे माझ्याकडेच असू द्या. ती बोलेल ते थेट ऐकू येऊ दे. नवीन सुरुवात करू.”

त्याने दोघींना टेबलाशी समोरासमोर बसवलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

“नमस्कार मंडळी,” ताई म्हणाल्या. पट्टी हिरवी! त्याने स्क्रीन पुसून पाहिली. हिरवीच होती. आता त्यांना बहिणीचा श्वासदेखील ऐकू येत होता, त्यामुळे त्यांचा आवाज आपोआप खाली आला होता. “आजचा विषय, जुन्या वस्तू. माझं मत स्पष्ट आहे. वापरात नसेल ते टाकून मोकळं व्हावं.”

“माझी बाहुली नाही का टाकलीस मोकळी होऊन,” बायको पुटपुटली.

“कुठली बाहुली?” ताई म्हणाल्या.

बायको दचकली. आजवर तिच्या पुटपुटण्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. ती तिची खाजगी जागा होती.

“काही नाही,” ती म्हणाली.

“एक डोळा गेलेली? तिच्यात मुंग्या झाल्या होत्या.”

“नव्हत्या झाल्या. तुझ्या मनाने झाल्या होत्या,” बायको आणखी हळू पुटपुटली.

“माझ्या मनाने? अगं, आईने स्वतः बघितल्या!” ताईंनी हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरले. “थांब, थांब. तू हे असं नेहमी बोलतेस? आतल्या आत? लहानपणापासून?”

बायकोने मानेनेच हो म्हटलं. चष्मेवालाही आता आठवायला लागला. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असताना ती पुष्कळदा पुटपुटायची, आणि ती गाणं म्हणते आहे असं तो धरून चालला होता.

“बोल की. आता येतंय मला ऐकू,” ताई म्हणाल्या.

आणि बायको बोलायला लागली. बाहुली झाली, सायकल झाली, लग्नातल्या फोटोत तिला मागे उभं केलेलं झालं. ताई प्रत्येकाला उत्तर देत होत्या, दोघींच्या पट्ट्या झुल्यासारख्या हिरव्यात झुलत होत्या, आणि चष्मेवाल्याला हे थांबवावं की याचा आनंद मानावा ते कळेना. मग बायको थांबली. टेबलाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

“भावोजी गेल्यावर मी आले होते तुझ्याकडे. तू गॅलरीत पाठ करून उभी होतीस. मी विचारलं, आमच्याकडे राहायला येतेस का? तू म्हणालीस, पडदे धुवायला टाकलेत.”

ताई तिच्याकडे बघत राहिल्या.

“मला वाटलं,” त्या म्हणाल्या, “खिडक्या उघड्या का, असं विचारतेयस.”

“मी त्यानंतर महिनोन् महिने फोन केला नाही.”

“मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.”

पट्ट्या दोन्ही निपचित. चष्मेवाल्याचा हात सवयीने बटणाकडे गेला, तो त्याने मागे घेतला. साडू गेल्यानंतर बायको असं काही विचारून आली होती, हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. विचारण्याआधी तिने त्यालाही सांगितलं असेल. कदाचित स्वयंपाकघरात, पाठमोरी.

“मग आता विचार,” ताई म्हणाल्या.

बायकोने खोल श्वास घेतला. सगळ्या आयुष्यात वाचवून ठेवलेला आवाज तिने एकदम बाहेर काढला.

“ताई! आमच्याकडे राहायला येतेस का!”

लॅपटॉपवर लाल भडका उडाला. ताईंनी किंचाळून हेडफोन भिरकावले. वरच्या मजल्यावरची खुर्ची मध्येच थबकली. आणि सकाळपासून ज्याच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, तो माणूस विचार करायच्या आत बोलून गेला.

“फाटला! फाटला! पुन्हा विचार. जरा हळू, पण स्पष्ट.”

बायकोने हळू, पण स्पष्ट, पुन्हा विचारलं. वाक्य पुरं होता होता चष्मेवाल्याच्या लक्षात आलं, की ताईंना घरी राहायला येण्याचं आमंत्रण आज दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी खास त्याच्या आग्रहावरून.

ताईंनी हेडफोन उचलून पुन्हा कानाला लावले होते. त्यांनी डोळे पुसले, तोंड उघडलं आणि काहीतरी म्हणाल्या. पट्टी जागची हललीसुद्धा नाही.

त्याने बटण वर नेलं. अजून वर नेलं. काही नाही. तो अगदी पुढे वाकला.

“ताई,” तो म्हणाला, “जरा मोठ्याने.”