आदर्श ऑनलाइन विद्यार्थिनी

फ्लेक्सची गुंडाळी उलगडली तेव्हा मुख्याध्यापिका महानंदाबाईंनी आधी चष्मा पुसला, मग पुन्हा एकदा पाहिले आणि हळूच खुर्चीत बसल्या.

"अमृत सर, हे काय आहे?"

फ्लेक्सवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिले होते, 'आदर्श ऑनलाइन विद्यार्थिनी, कु. निंगव्वा बिरप्पा पुजारी, इयत्ता सहावी, हार्दिक अभिनंदन!' आणि खाली फुलांच्या चौकटीत एक एडका उभा होता. अंगाने भरलेला, बाकदार नाकाचा, कपाळाला भंडारा लावलेला. सत्कार आपलाच आहे याबद्दल त्याच्या मनात काही शंका असावी असे दिसत नव्हते.

"बाई, हा एडका आहे," अमृत सर म्हणाले.

"ते मला दिसतंय. तो इथं का आहे?"

सरांनी फ्लेक्सवाल्या तौहीदला फोन लावला. तौहीद सोलापुरातला जुना धंदेवाला, सहजासहजी घाबरणारा नव्हे.

"सर, नंबर तुम्हीच दिला ना? मी मेसेज टाकला, फोटो पाठवा, उभा, समोरून, आजच पाहिजे. पाच मिनिटांत आला. मेरे को भी जरा शक आया, म्हणून फोन करून विचारलं, नक्की हाच का? तर म्हणाले, हाच की. दोन दाती हाय, म्हंजे जवान हाय, निरोगी हाय, बघायचा असंल तर वस्तीवर या."

"आणि तू छापलास?"

"सर, निवडणुकीत आम्ही काय काय छापतो! विचारत बसलो तर दुकान चालंल का?"

निंगव्वाचा बाप बिरप्पा मेंढपाळ; त्याला अनोळखी नंबरावरून 'फोटो पाठवा' असा मेसेज आला की तो व्यापाऱ्याचाच असतो, आणि मागितलेला फोटो एडक्याचाच असतो, हे अमृत सरांना कोण सांगणार? ते मूळचे बार्शीचे. होटगीच्या पुढच्या या माळावर येऊन त्यांना तीनच वर्षे होत आली होती.

आणि नेमकी तीच तर काळजी होती. शिक्षणसेवक म्हणून त्यांची तीन वर्षे या महिन्यात संपत होती. नोकरी कायम व्हायची ती विस्तार अधिकारी फिरदोस मॅडमच्या शेऱ्यावर, आणि फिरदोस मॅडम आजच अकरा वाजता शाळेत येणार होत्या. शाळा पुन्हा भरायच्या आधी 'ऑनलाइन शिक्षणाचे एक वर्ष' या विषयावर प्रत्येक गावात अनुभवकथन घ्यावे असे पत्रक निघाले होते. बाकीचे अधिकारी हार घेतात, चहा घेतात, जातात. फिरदोस मॅडम मुलांना प्रश्न विचारतात अशी त्यांची ख्याती होती.

अमृत सर स्वभावानेच काळजीखोर. वर्षभर रोज सकाळी ते मोबाईलवर धडा बोलून पाठवायचे आणि प्रत्येक धड्याच्या आधी भीतीने दोनदा खोकायचे. वर्गात मुले एक्केचाळीस. धड्याखाली सुरुवातीला वीसजण 'हजर सर' लिहायचे, मग बारा, मग सात. एकच नंबर असा होता की ज्याने दोनशे सहा दिवसांत एकदाही दांडी मारली नाही. निंगव्वा पुजारीचा. गृहपाठाच्या वहीचे फोटोसुद्धा रोज. जूनमध्ये अक्षर अगदी मोडके होते, दिवाळीपर्यंत गोलसर झाले. सरांनी अहवालात लिहून टाकले, 'हस्ताक्षरात लक्षणीय प्रगती'. तो अहवाल वर गेला, आणि वरून निरोप आला की या मुलीचा सत्कार करा.

आता साडेनऊ वाजले होते.

"एडक्याचं मी बघते," महानंदाबाई उठत म्हणाल्या. "वर पांढरा कागद चिकटवू, त्यावर सुस्वागतम लिहू. तुम्ही पोरीला घेऊन या. दोन-चार प्रश्न घोटून घ्या. हुशार आहे ना ती?"

"दोनशे सहा दिवस, बाई," सर अभिमानाने म्हणाले आणि गाडीला किक मारली.

वस्ती चार किलोमीटरवर. लॉकडाऊनमध्ये तिकडे जायची बंदी होती, आणि बंदी उठल्यावर सरांची हिंमत नव्हती. निंगव्वा पाचवीपर्यंत वस्तीवरच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे आज ते तिला पहिल्यांदाच पाहत होते. ती माळावर मेंढरांमागे उभी होती, हातात काठी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली.

"निंगव्वा, चल लवकर. तुझा सत्कार आहे. अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं पाठ आहेत ना?"

"कुटली वृत्तं सर?"

"अगं, ऑगस्टमध्ये पाठवलेला धडा. तुझा अभ्यास."

"मोबाईल माज्याकडं कुटं असतोय सर?" निंगव्वा म्हणाली. "आप्पाकडं असतोय. शाळा बंद हाय म्हणून आप्पानं मला मेंढरामागं घातलं की. आप्पा त्या लिंबाखाली बसून मोबाईल ऐकायचा. मी जवळ गेलं की म्हणायचा, सर बोलायलेत, गप बस."

"आणि वही?"

"तीबी आप्पाच लिव्हायचा."

दोनशे सहा दिवस आपण एका मेंढपाळाची हजेरी लावली, आणि ती शिक्का मारून वर पाठवली! नोकरी गेली, हे त्यांनी त्या माळावरच ठरवून टाकले. तरीही बुडत्याची धडपड म्हणून त्यांनी पोरीला गाडीवर बसवले. मेंढरांकडे तिची आई धावली.

"म्हण, अक्षवृत्तं आडवी, रेखावृत्तं उभी."

"अक्षवृत्तं आडवी... सर, म्होरं खड्डा हाय."

"रेखावृत्तं?"

"सर, खड्डा!"

गाडी खड्ड्यातून उडाली आणि रेखावृत्ते तिथेच राहिली. पुढचे तीन किलोमीटर सरांनी पुन्हा पुन्हा सांगितले, निंगव्वाने पुन्हा पुन्हा मान हलवली. मागे बसलेल्याची मान दिसत नाही, हे सरांच्या लक्षात शाळेच्या फाटकाशी आले.

शाळेच्या पटांगणात पालक अंतर राखून बसले होते, म्हणजे मास्क हनुवटीवर आणि खांद्याला खांदा. सगळ्यात मागे निंगव्वाचा आप्पा बिरप्पा, ग्रुपवरचा निरोप वाचून आलेला, नवा पटका बांधून, मांडी घालून. फिरदोस मॅडम वेळेआधी आल्या होत्या आणि फ्लेक्सवरच्या 'सुस्वागतम'कडे बघत होत्या. कागदाच्या खालून चार खूर दिसत होते.

"ही का ती मुलगी?" मॅडमनी विचारले. "ये बाळा. घाबरू नकोस. अपूर्णांकांची बेरीज येते?"

निंगव्वाने चपलांकडे बघितले. महानंदाबाईंनी सरांकडे बघितले. सरांनी आकाशाकडे बघितले.

"एक छेद दोन अधिक एक छेद चार?"

"तीन छेद चार," मागून दबका आवाज आला.

"कोण बोललं? पालकांनी सांगायचं नाही. बरं, भूगोल. अक्षवृत्तं म्हणजे काय?"

निंगव्वाचे ओठ हलले. "आडवी," ती कशीबशी म्हणाली, आणि पुढचे सगळे खड्ड्यात.

मागे बिरप्पा बसल्या जागी तळमळत होता. उत्तर तोंडात आलेले पोर जसे बाकावर हलते, तसा. शेवटी राहवले नाही. त्याने चक्क हात वर केला.

"मी सांगू का बाई?"

सगळे पटांगण मागे वळले. अमृत सरांनी डोळे मिटले.

"सांगा," मॅडम म्हणाल्या.

बिरप्पा उभा राहिला, पटका नीट केला आणि हात मागे बांधले. "पृथ्वीच्या गोलावरनं ज्या आडव्या रेघा काडत्यात ती अक्षवृत्तं, आन उभ्या ती रेखावृत्तं. आमच्या घोंगड्यात कसं उभं-आडवं धागं असत्यात, तसं. मधल्या मोठ्या आडव्या रेघंला विषुववृत्त म्हंत्यात."

मॅडमनी अजून एक प्रश्न टाकला, मग अजून एक. वनस्पतींचे अवयव, हवेचे घटक, दशांश अपूर्णांक. बिरप्पा धडाधड सांगत गेला. एका ठिकाणी मात्र तो अडला.

"हे न्हाई येत बाई. त्या दिवशी सरांनी दोनदा खोकला काडला, थोडं बोलले, आन मग रेंजच गेली. मी लई फिरलो, पार टेकाडावर गेलो. न्हाई आलं."

त्याच वेळी वाऱ्याने 'सुस्वागतम'चा कागद उडाला. एडक्याने सगळ्या शिक्षण विभागाकडे रोखून पाहिले.

"आमचा सर्जा!" निंगव्वा ओरडली. सकाळपासून तिला ओळखीचे एवढेच काय ते दिसले होते.

पालक हसले. फिरदोस मॅडम हसल्या नाहीत. त्या निंगव्वाजवळ गेल्या. "मग तू काय शिकलीस गं वर्षभर?"

"मला काईच येत न्हाई मॅडम," निंगव्वा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "पाचवीत मला पाडे यायचे. तीबी इसरले. शाळा कवा भरनार?"

मग कुणी हसले नाही. बिरप्पाने मान खाली घातली. "चूक माजी हाय बाई. पहिल्या दिवशी पोरीसाटी म्हणूनच लावला धडा. मी चौथीतनं सुटलो. ऐकता ऐकता नाद लागला. म्हटलं, आजचा ऐकतो, उद्या तिला देतो. तो उद्या काय आला न्हाई."

फिरदोस मॅडम वळल्या. "अमृत सर, अहवालात शंभर टक्के मुलं शिकली असं लिहिलंय. खरी किती मुलं शिकली?"

खोटे बोलायला लागते तेवढे धैर्य सरांकडे नव्हते. ते दोनदा खोकले. "सात, मॅडम. फार तर आठ. बाकीच्यांकडे मोबाईल नव्हता, किंवा होता तो बापाच्या खिशात. मला भीती वाटली म्हणून शंभर लिहिलं. या मुलीचं तोंडसुद्धा मी आज पहिल्यांदा पाहिलं."

महानंदाबाईंनी कपाळाला हात लावला. मॅडमनी बॅगेतून कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहू लागल्या. पेनचा आवाज सरांना आपल्या नोकरीवर फिरणाऱ्या करवतीसारखा वाटला.

"महिनाभरात अकरा शाळा फिरले," लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या. "सगळीकडे शंभर टक्के. शिकलेला माणूस मात्र आज पहिल्यांदा बघितला." मग त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते: 'खरी टक्केवारी सांगणारे शिक्षक आढळले. कायम करण्यास हरकत नाही. अट: सहावीच्या मुलांना रोज एक जादा तास, पाढ्यांपासून.'

सरांनी तो कागद चारदा वाचला. सत्काराचा नारळ शेवटी बिरप्पाला देण्यात आला. फ्लेक्ससुद्धा त्यानेच मागून नेला. एवढा चांगला फोटो सर्जाचा आधी निघाला नव्हता, असे त्याचे म्हणणे पडले.

सोमवारी शाळा भरली. निंगव्वा पहिल्या बाकावर बसली होती. सरांनी नाव पुकारले तेव्हा ती एवढ्या मोठ्याने "हजर सर!" म्हणाली की शेजारच्या वर्गातली पोरे डोकावली. पोरगी शाळेत म्हणजे मेंढरांमागे आता कोण, हा विचार सरांच्या मनात आला तेवढ्यात खिशात मोबाईल वाजला.

वर्षभराच्या जुन्या ग्रुपवर एकच मेसेज होता. 'हजर सर. मेंढरामागं आता मीच हाय. शाळा भरली मंजे मोबाईलवरचं बंद का? शेवटचे तीन धडे राहिलेत की.'

पत्रकाप्रमाणे ऑनलाइन धडे बंद झाले होते. नोकरी कायम झाली होती. आता कुणाला काही दाखवायचे नव्हते, आणि तरीही अमृत सरांच्या छातीत पुन्हा तीच जुनी धडधड सुरू झाली. मधल्या सुट्टीत ते शाळेमागे गेले, दोनदा खोकले आणि धडा बोलू लागले. दहा मिनिटे इतके मन लावून त्यांनी कधी शिकवले नव्हते.

पाच मिनिटांनी उत्तर आले.

'सर, खोकला आला. फुडचं न्हाई आलं. टेकाडावर जातो, परत पाठवा.'