परक्याचा चेहरा

थोरला भाऊ मायदेशाहून पहिल्यांदाच राहायला आला आणि शिल्पकाराच्या सुखी संसारात मिठाचा खडा पडला. भाऊ बिचारा नुसता खुशीत होता. स्टेशनवर हमालाने त्याची बॅग उचलली आणि वर पैसेही घेतले नाहीत, टॅक्सीवाल्याने उतरून दार उघडलं, चौकातल्या पोलिसाने तर चक्क सलाम ठोकला.

"काय अगत्याची माणसं आहेत रे तुझ्या गावातली," तो चहा ढवळत म्हणाला. "परका म्हणून मला एकानेही हटकलं नाही."

शिल्पकाराच्या हातातला पाव हातातच राहिला. अर्धं आयुष्य त्याने या शहरात काढलं होतं, इथले झाडून सगळे पुतळे त्याच्याच हातचे. आणि तोच पाव आणताना कोपऱ्यावरच्या दुकानातल्या आजींनी सकाळी त्याला रोजचे दोन प्रश्न विचारले होते: कुठले म्हणायचे तुम्ही, आणि परत कधी जाणार? आजी मनाच्या चांगल्या होत्या, म्हणून तर ते जास्तच लागायचं.

"सलाम ठोकणार नाहीत तर काय?" बायको म्हणाली. "भावोजी म्हणजे थेट मामंजी. आणि मामंजींना तुम्ही नगरपालिकेसमोर उभं करून ठेवलंय."

खरी गोम तिथेच होती. या शहरातली थोर माणसं फोटोची सोय व्हायच्या आधीच मरून गेलेली. ती दिसायची कशी, कुणाला ठाऊक? या शहरात नवखा असताना शिल्पकार घरच्या आठवणीने इतका कासावीस असायचा, की माती हातात घेतली की घरचंच माणूस घडायचं. शहराच्या संस्थापकांना त्याने वडिलांचा चेहरा दिला. जन्मात घरातलं मांजर न हाकललेले मामा सेनापती होऊन घोड्यावर चढले. सहीऐवजी अंगठा उठवणारी मावशी हनुवटीवरच्या चामखिळीसकट वाचनालयासमोर महाकवयित्री म्हणून बसली. घराण्याचं ते लांब, टोकाशी वाकलेलं नाक चौकाचौकांत झालं आणि पोरं ते बघतच मोठी झाली.

नाक शिल्पकारालाही होतंच. पण तो तोंड उघडायचा आणि पकडला जायचा, उच्चारच तसे. भावाला इथली भाषा ओ की ठो येत नव्हती, त्यामुळे तो गप्प राहून हसला आणि निभावला.

नेमकं त्याच सुमारास नगराध्यक्षांनी स्टेशनसमोर बाहेरून आलेल्या लोकांचा पुतळा बसवायचं ठरवलं होतं. काम अर्थातच शिल्पकाराकडे आलं होतं. भावाला मिळालेला तो सलाम त्याला फारच झोंबला. या वेळी मामा नाही, मावशी नाही. हातात बॅग घेतलेला तो माणूस त्याने हुबेहूब स्वतःसारखा घडवला. आता तरी लोक ओळखतील, एवढीच त्याची आशा होती.

नगराध्यक्ष नमुना बघायला आले, ते आधी भावाला बघून अदबीने झुकले आणि त्याला खुर्ची देऊन मगच मातीकडे वळले. त्यांच्या सात पिढ्या इथल्याच, हे ते येता-जाता सांगत, तेव्हाही सांगितलं. मग पुतळ्याभोवती फिरून त्यांनी मान हलवली.

"काम झकास आहे. पण हा बाहेरचा वाटत नाही हो. हा अगदी आपला वाटतो."

"साहेब, हा मी आहे."

नगराध्यक्षांनी एकदा मातीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "छे, तुम्ही बोललात की लगेच कळतं. हा कुठे बोलतोय? बघताक्षणी वाटलं पाहिजे, की हे कुठलं ध्यान!" असा चेहरा जमत नसेल तर दुसरा कारागीर बघावा लागेल, असंही त्यांनी सुनावलं.

शिल्पकाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने स्वतःचं नाक खुडून बादलीत टाकलं, समोर उभ्या माणसाकडे डोळे रोखले आणि माती थापायला सुरुवात केली. बसकं नाक, बारीक डोळे, दुहेरी हनुवटी. भाऊ ते बघून काहीतरी बोलणार, तोच बायकोने त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

"हां, आता कसं!" नगराध्यक्ष खूश होऊन म्हणाले. "हा बिचारा नक्की लांबून आलाय. पाहिल्यासारखा वाटतो कुठेतरी, पण इथला नव्हे."

अनावरणाला सारं शहर लोटलं. पडदा सरला, टाळ्या झाल्या आणि पुतळ्याला खेटून उभे राहत नगराध्यक्षांनी आपल्या सात पिढ्यांपासून भाषणाला सुरुवात केली. पहिल्या रांगेत शिल्पकार आणि त्याच्या शेजारी दुकानातल्या आजी बसल्या होत्या. आजींनी पुतळ्याकडे पाहिलं, नगराध्यक्षांकडे पाहिलं, पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कळवळ्याने भरून आला.

भाषण संपवून नगराध्यक्ष घाम पुसत खाली उतरले, तेव्हा आजींनी त्यांचा हात धरला.

"कुठले म्हणायचे तुम्ही?"

"अहो आजी, मी इथलाच! सात पिढ्या..."

"बरं बरं. आणि परत कधी जाणार?"

मग आजींनी शिल्पकाराची बाही ओढली.

"उठा बघू तुम्ही. पाहुण्यांना बसू द्या. आपण काय, घरचीच माणसं."

शिल्पकार उठला. उरलेली सगळी भाषणं त्याने उभ्यानेच ऐकली. गुडघे ठणकत होते, दोघातिघांनी आपली खुर्चीही पुढे केली, पण त्याने ती घेतली नाही.